किल्ली कोणाजवळ? कर-सल्लागारांस एका अशिलाचे अनावृत पत्र

सनदी लेखापाल, कर-सल्लागार आणि व्यवसायानिमित्त परक्यांची कागदपत्रे आपल्या दफ्तरी बाळगणाऱ्या सर्व सुविद्य मंडळींस,



पत्रास कारण की, विवरणपत्रे भरण्याची जी लगीनघाई दर जुलैत उडते तिच्या ऐन भरात, माझे काम पाहणाऱ्या कचेरीतून मला व्हॉट्सॲपवर एक लिंक आली आणि तिच्याखाली ‘काका, तुमचं रिटर्न यात आहे, बघून घ्या’ एवढाच निरोप. चष्मा लावून मी ती उघडली आणि स्वतःचे नाव शोधू लागलो, तो ध्यानात आले की ही लिंक माझ्या एकट्याच्या कप्प्याची नसून त्या सालच्या अवघ्या दफ्तराची आहे. आडनावांच्या क्रमाने लावलेले शे-दीडशे अशिलांचे फोल्डर माझ्यापुढे बाजारातल्या पथारीसारखे मांडलेले होते. बोट घसरून माझ्या आधीच्या नावावर पडले. ते नाव आमच्याच आळीतील एका बाईंचे होते, ज्यांचे यजमान आदल्या वर्षी निवर्तले. आत काय आहे हे समजण्यास मला एकही फाइल उघडावी लागली नाही, कारण फाइलींची नावेच पुरेशी बोलकी होती: पॅन, आधार, रद्द केलेला चेक, यजमानांच्या मृत्यूचा दाखला, मुदत ठेवींच्या पावत्या आणि सर्वांत खाली ‘दिरांची नोटीस’. मी फोन पालथा ठेवला. ज्या घरी चार दिवसांपूर्वी मी चहा घेतला होता, त्या घरातले कपाट माझी इच्छा नसताना माझ्या हातून उघडले गेले होते.

कचेरीत कळवताच तेथील तरुण सहायकाने दहा मिनिटांत लिंक बंद केली आणि मनापासून क्षमाही मागितली. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु फोन ठेवता ठेवता तो जे बोलला ते माझ्या मनातून जाईना, आणि हे पत्र म्हणजे त्या एका वाक्याचे, जरा लांबलेले, उत्तर आहे. तो म्हणाला, ‘काका, काळजी करू नका, आपलं सगळं क्लाउडवर असतं, एकदम सेफ.’

माझी सारी उमेद कोषागाराच्या नोकरीत गेली, त्यामुळे ‘सेफ’ हा शब्द माझ्या कानांस थोडा निराळा ऐकू येतो. आमच्या स्ट्राँगरूमच्या दारास दोन कुलपे असत आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या माणसांच्या कमरेला. एकट्यादुकट्यास, मग तो साहेब का असेना, ते दार उघडता येत नसे. आत मुद्रांकांच्या थप्प्यांशेजारी इतर खात्यांच्या पेट्या ठेवीदाखल येत, आणि परीक्षांच्या दिवसांत प्रश्नपत्रिकांच्या पेट्याही येत. त्या पेट्यांवर पाठवणाऱ्याचे स्वतःचे कुलूप असे, कुलपावर कापड शिवलेले असे आणि कापडाच्या टाक्यांवर लाखेची मोहोर असे. आम्ही मोहोर न्याहाळीत असू, नोंदवहीत नोंद घेत असू आणि पोच देत असू. आत काय आहे हे आम्हांस ठाऊक नसे आणि ठाऊक करून घेण्याचा अधिकारही नसे. पेटी परत नेणारा येई तोही आमच्या तोंडाकडे न पाहता प्रथम मोहोरेकडे पाही, आणि त्यात आम्हांला अपमान वाटत नसे. या साऱ्या व्यवहारातून मी जे शिकलो तेच या पत्राचे सार आहे: वस्तू राखण्यासाठी ती उघडता यावी लागत नाही, किंबहुना राखणाऱ्याला ती उघडता येत नाही यातच ठेवणाऱ्याची निश्चिंती आणि राखणाऱ्याची अब्रू, दोन्ही शाबूत राहतात.

आता आपल्या क्लाउडकडे वळू. तेथे जागा भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्या गबाळ्या आहेत असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. आपल्या संगणकावरून त्यांच्या यंत्रापर्यंत फाइल जाते ती वाटेत कूटबद्ध असते, आणि त्यांच्या कोठारात पडून राहते तीही बहुधा कूटबद्धच असते. ज्याला आपण एन्क्रिप्शन म्हणता ते तेथे आहे, हे मी जाणतो. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या कुलपाची किल्ली कोणाजवळ असते? आपण पासवर्ड विसरलात तरी दोन-चार प्रश्न विचारून कंपनी आपल्याला नवा पासवर्ड देते आणि सर्व फाइली जशाच्या तशा पुन्हा समोर येतात, या सोयीतच किल्ली तिच्याजवळ असल्याची कबुली आहे. आमच्या स्ट्राँगरूममधील पेटी आणि ही पेटी यांत हा मूळचा भेद आहे. बँकेच्या लॉकरची उपमा देऊन आपले समाधान करू पाहणाऱ्यांस मी एवढेच सांगेन की लॉकरला दोन किल्ल्या लागतात, त्यांपैकी ग्राहकाची किल्ली बँकेकडे नसते, आणि ती हरवली तर लॉकर फोडावा लागतो.

किल्ली मालकाजवळ नसली म्हणजे काय होऊ शकते, याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. १९ जून २०११ या दिवशी ड्रॉपबॉक्स या नामांकित सेवेत, प्रोग्रॅममध्ये केलेल्या एका बदलातील चुकीमुळे, सुमारे चार तास कोणत्याही खात्यास कोणताही पासवर्ड चालत होता. कंपनीने ते पुढे स्वतःच मान्य केले. चोर आला नव्हता, कुलूप तुटले नव्हते. रखवालदाराच्या हातून दार उघडे राहिले होते. दुसरा दाखला अगदी अलीकडचा आहे. २०२२ च्या डिसेंबरात ॲपलने, आयक्लाउडवरील बहुतेक माहितीची किल्ली केवळ मालकाच्याच उपकरणांवर राहील, अशी ऐच्छिक सोय सुरू केली. पुढे ब्रिटिश सरकारने त्या माहितीपर्यंत वाट मागितल्याचे वृत्त आले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने ही सोय ब्रिटनमधील नव्या ग्राहकांस देणे थांबवले. सरकारांचा झगडा पेटीसाठी नसतो, किल्लीसाठी असतो. जी गोष्ट सरकारांस एवढी नेमकी कळते ती आमच्या कागदपत्रांच्या कारभाऱ्यांस कळू नये, याचे मला नवल वाटते. म्हणून आता एकेक मागणे मांडतो.

पहिले मागणे हे की, आमचा कोणताही कागद आपल्या कचेरीच्या संगणकातून बाहेर पडण्यापूर्वीच तो कूटबद्ध करावा. वाटेत नव्हे, पोहोचल्यावर नव्हे, उंबरठा ओलांडण्याच्या आधी. यासाठी द्रव्य लागत नाही. क्रिप्टोमेटर नावाचा प्रोग्रॅम संगणकावर विनामूल्य मिळतो. तो आपल्या नेहमीच्या क्लाउडच्या फोल्डरात एक तिजोरी निर्माण करतो, संगणकावर ती एका वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते, आपण तीत नेहमीप्रमाणे फाइली ठेवाव्यात, आणि क्लाउडवर चढतात त्या केवळ निरर्थक अक्षरांच्या राशी, ज्यांत फाइलींची नावेसुद्धा ओळखू येत नाहीत. शिवाय त्या राशीत बाहेरून कोणी एक अक्षर जरी फिरवले तरी उघडताना ते उमगते. लाखेच्या मोहोरेचेच हे काम झाले. एखाद-दुसरी फाइल अशिलास धाडावयाची असेल तर सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. फक्त त्यात झिपची जुनी पद्धत न घेता एईएस-२५६ निवडावी, कारण त्या जुन्या पद्धतीचे दुबळेपण १९९४ मध्येच प्रसिद्ध झालेले आहे, आणि सेव्हन-झेड प्रकारात फाइलींची नावे झाकण्यासाठी जी एक चौकट असते तीत खूण करण्यास विसरू नये. ‘दिरांची नोटीस’ ही दोन पदे झाकली जाणे हे त्या नोटिशीतला मजकूर झाकला जाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. हे आपल्या कचेरीत झाले असते, तर चुकीची लिंक येऊनही त्या दुपारी मला बाईंचे नाव दिसले नसते. माणूस चुकणारच, त्याची चूक दुसऱ्याच्या संसारावर न पडेल अशी तजवीज करणे आपल्या हाती आहे.

दुसरे मागणे किल्लीविषयी आहे, आणि येथे माझा सूर थोडा चढला तर क्षमा असावी. ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषापंडिताने १८८३ मध्ये सैनिकी गुप्तलेखनावर लिहिताना हे तत्त्व मांडले की कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये; गुप्त राखावयाची ती केवळ किल्ली. आजची एईएस पद्धत याच तत्त्वावर उभी आहे: दोन बेल्जियन शास्त्रज्ञांनी ती रचली, २००१ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ती स्वीकारली, आणि तिचा प्रत्येक टप्पा जगास खुला आहे. तिच्या २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजू गेल्यास अठ्ठ्याहत्तर अंकी संख्या येते. लीलावतीत दिलेल्या संख्यांच्या नावांतले शेवटचे नाव जे परार्ध, ते अठरा अंकांवर संपते. असे हे कुलूप! आणि त्याला आपण किल्ली कोणती लावता? डाउनलोड केलेल्या ई-आधारची किल्ली म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल. नाव ठाऊक असणाऱ्याने शंभर साले लावून पाहिली की दार उघडले. फॉर्म २६एएसची किल्ली जन्मतारीख. शंभर वर्षांत दिवस ते किती, साडेछत्तीस हजार, आणि संगणकास त्यांस कितीसा वेळ लागणार? वार्षिक माहिती विवरणाची किल्ली पॅन आणि जन्मतारीख, आणि त्याच फोल्डरात शेजारी पॅनकार्डाचे छायाचित्र, ज्यावर या दोन्ही गोष्टी छापलेल्या. या पद्धती सरकारने लोकांच्या सोयीसाठी घातल्या हे मला मान्य आहे, परंतु आपणही आपल्या कचेरीच्या फाइलींस त्याच साच्याच्या किल्ल्या लावता आणि वर ‘पासवर्ड तुमची जन्मतारीख’ असे त्याच संदेशात लिहिता, तेव्हा भक्कम कुलूप लावून किल्ली उंबऱ्याखाली ठेवण्याच्या आपल्या वाडवडिलांच्या पद्धतीची मला आठवण होते. फरक इतकाच की त्यांना उंबऱ्याशी येणारा माणूस ठाऊक असे.

चांगली किल्ली कशी करावी याची एक युक्ती आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवली, ती लहान मुलासही जमेल. ७,७७६ शब्दांची यादी घ्यावी, पाच फासे टाकावेत, पडलेल्या पाच अंकांसमोरचा शब्द उचलावा, आणि असे सहा वेळा करावे. ‘कंदील, विळी, चांदणे’ अशा एकमेकांशी सोयरसुतक नसलेल्या सहा शब्दांची जी माळ होते तिच्या शक्यता सुमारे बावीस लाख परार्ध भरतात, आणि तरीही ती चार दिवसांत तोंडपाठ होते. शब्द स्वतःच्या मनाने मात्र निवडू नयेत, कारण मन नेहमी मुलांच्या आणि देवांच्याच नावांकडे धाव घेते. फाशांना मुलेही नसतात आणि देवही नसतात. आणि अशी किल्ली झाली की ती फाइलीबरोबर त्याच वाटेने धाडू नये: फाइल ईमेलने जाईल तर किल्ली फोनवर सांगावी, अथवा अशील कचेरीत सहीस येईल तेव्हा चिठ्ठीवर द्यावी.

तिसरे मागणे आपण नकळत ज्या वाटा उघड्या ठेवता त्यांविषयी आहे. ‘कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सॲप करा’ असे आपण आम्हांस सर्रास सांगता. तो फोटो आमच्या फोनच्या गॅलरीत राहतो, तेथून फोटोंच्या क्लाउडवर आपोआप चढतो, आपल्या सहायकाच्या फोनवर उतरतो आणि त्याच्याही गॅलरीतून त्याच्या खाजगी क्लाउडवर, त्याच्या भाचीच्या बारशाच्या फोटोंशेजारी, जाऊन बसतो. व्हॉट्सॲपचे संभाषण वाटेत झाकलेले असते खरे, परंतु क्लाउडवर ठेवलेली त्याची प्रत तशी झाकलेली राहावी यासाठीची सोय २०२१ मध्ये आली आणि ती ज्याची त्याला स्वतः चालू करावी लागते. आपल्या कचेरीत कितीजणांनी ती चालू केली आहे, याची एकदा चौकशी करावी. आणि जेथे आधारचे शेवटचे चार अंक पुरतात तेथे बाकीचे अंक झाकलेला आधार मागावा. आम्ही सबंध मागितल्याशिवाय देत नसतो, आपण मागता म्हणून देतो.

चौथे मागणे आपल्याला विरोधाभासाचे वाटेल: किल्ली हरवू नये. कूटलेखनाचा हा कठोर नियम आहे की किल्ली गेली की पेटी गेली. येथे पंचनामा करून कुलूप तोडण्याची सोय नाही, आणि कंपनीकडे गयावया करण्यातही अर्थ नाही, कारण तिच्याकडे किल्ली असू नये यासाठीच तर हा खटाटोप आहे. आमच्याकडे कुलपांच्या जादा किल्ल्या सीलबंद लखोट्यात दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या असत. आपणही किल्ली कागदावर लिहून लखोट्यात घालावी, लखोटा बँकेच्या लॉकरात ठेवावा, आणि आपल्या पश्चात तो कोणी उघडावयाचा हे भागीदारास वा घरच्यांस सांगून ठेवावे. फाइलींची एक कूटबद्ध प्रत क्लाउडखेरीज दुसरीकडे, एखाद्या हार्ड डिस्कवर, असू द्यावी. आणि हेही ध्यानात असावे की कूटलेखन ही सर्व रोगांवरची मात्रा नव्हे: तिजोरी उघडी असताना संगणकात विषाणू शिरला, किंवा जेवणाच्या सुट्टीत संगणक उघडा टाकून सारे खाली चहाला गेले, तर अठ्ठ्याहत्तर अंकांचा काही उपयोग नाही.

पाचवे आणि शेवटचे मागणे निकाली कागदांचे. आमच्या दफ्तरखान्यात मुदत संपलेल्या कागदांची यादी होई, तिच्यावर सही होई आणि ते कागद रीतसर नष्ट केले जात. आपल्या क्लाउडवर मात्र दहा वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या अशिलाचे आधारकार्डही सुखाने नांदत असते. कायदा जितकी वर्षे सांगतो तितकी वर्षे जरूर ठेवावे, पुढे मात्र आम्हांस कळवून काढून टाकावे. जो कागद नाही तो फुटत नाही.

आपली उत्तरे काय असतील याची मला कल्पना आहे. ‘अशिलांना हे उघडता येणार नाही,’ असे आपण म्हणाल. अहो, ज्या वृद्धांनी ओटीपी, कॅप्चा आणि हयातीच्या दाखल्यासाठी अंगठ्याचा ठसा हे सारे निमूटपणे आत्मसात केले, त्यांना सहा शब्द जड जातील असे मानणे हा त्यांचा अधिक्षेप आहे. ‘जुलैत श्वास घ्यायला फुरसत नसते,’ असे म्हणाल, तर हे काम जानेवारीत करावे. आणि ‘लपवण्यासारखे आहे तरी काय?’ असे कोणी विचारील, तर त्यास मी पोस्टाची आठवण देईन. ज्या माणसाने मुलगा पास झाल्याचे वर्तमान पोस्टकार्डावर लिहिले, त्यानेच कर्जाची हकिकत लखोट्यात बंद करून धाडली, आणि त्याचा संशय ना पोस्टमनला आला ना सरकारला. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत गुप्तलेखनाची कला, म्लेच्छितविकल्प, सन्मानाने गणली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला; आणि २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्याने, इतरांची माहिती बाळगून तिच्या वापराचा हेतू व मार्ग ठरवणाऱ्यास जी संज्ञा दिली आहे तिच्यात विश्वस्ताचा अर्थ आहे, आणि माहितीच्या रक्षणाची वाजवी तजवीज न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाचे भय घालणे मला आवडत नाही. ‘विश्वस्त’ या शब्दाचा मान राखला गेला तर दंडाचे कलम वाचण्याची पाळी येऊ नये.

आता स्वतःविषयी एक कबुली देणे प्राप्त आहे, नाहीतर हे पत्र लोकांस ब्रह्मज्ञान ठरेल. त्या दुपारनंतर मी माझा स्वतःचा क्लाउड उघडून पाहिला. तेथे ‘महत्त्वाचे’ या नावाचा एक फोल्डर होता. म्हणजे चोराला शोधण्याचेही कष्ट पडू नयेत अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. त्यात घराची खरेदीखते, पत्नीचे वैद्यकीय अहवाल, आणि एका साध्या फाइलीत साऱ्या बँकांचे पासवर्ड. आयुष्यभर दोन कुलपांचे दार सांभाळलेल्या माणसाची ही अवस्था! नातवाच्या मदतीने दोन संध्याकाळी खर्चून मी ते सारे तिजोरीत घातले, जुन्या प्रती पुसल्या, कचरापेटीतूनही पुसल्या, आणि सहा शब्द एका लखोट्यात घालून त्यावर सवयीने लाख ओतली. नातू हसला, पण मेणबत्ती त्यानेच धरली होती.

त्या बाई अजून मला रस्त्यात भेटतात, विचारपूस करतात. मी त्यांच्याविषयी जे जाणतो ते मी जाणतो हे त्यांस ठाऊक नाही, आणि ते सांगावे की न सांगावे याचा निर्णय मला आजतागायत करता आलेला नाही. तो आपण करावा, कारण ठेव आपल्याकडे होती. यापुढे निदान असा प्रसंग दुसऱ्या कोणा अशिलावर न यावा, यासाठी हे पत्र चारचौघांत वाचले जावे अशी माझी इच्छा आहे. उघडे ठेवण्याजोगा माझा कागद हा एवढाच.

कळावे, लोभ आहे तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
कोषागारातून निवृत्त झालेला एक अशील